स्टील, चिनी माती की इनॅमल?
(शेती व आरोग्य)



लग्नसराई आली की भांड्यांच्या दुकानात गर्दी होते. आहेरात ताटे, डबे, बरण्या, पातेली येतात आणि त्यांवर हौसेने नावे घातली जातात. पण कोणते भांडे कोणत्या कामाचे, याचा विचार फारसा होत नाही. मग लोणचे स्टीलच्या डब्यात जाते, दही टवके उडालेल्या इनॅमलच्या वाडग्यात विरजते, आणि लहान मुलाला लिंबाचे सरबत बाजारातल्या भडक रंगाच्या पेल्यातून मिळते. यांतल्या काही चुका केवळ पैशाच्या असतात. काही मात्र आरोग्याच्या असतात. म्हणून आजच्या पाठात या तीन प्रकारांची ओळख करून घेऊ.

१. स्टेनलेस स्टील

लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले की ते सहसा गंजत नाही. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद तयार केले. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन भांड्यावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. तोच गंज अडवितो. ओरखडा पडला तरी हवा लागताच थर पुन्हा धरतो. हा गुण इनॅमलमध्ये किंवा चिनी मातीत नाही.

स्वयंपाकासाठी चांगल्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. त्याला ३०४ नंबरचे स्टील म्हणतात. स्वस्त मालात निकेल कमी करून मँगनीज घालतात. असे भांडे दिसायला सारखेच, पण लवकर डाग धरते. पुष्कळ जण लोहचुंबक लावून पारख करतात. ती पारख अपुरी आहे, कारण मँगनीजचे स्टीलही बहुधा चुंबकाला चिकटत नाही. उलट जे चिकटते ते खोटेच असते असे नाही. निकेल नसलेले क्रोमियमचे स्टीलही ताटे-डब्यांना चालते. म्हणून छापलेला नंबर पाहावा, बिल घ्यावे आणि ओळखीच्या दुकानातून घ्यावे.

स्टीलचा शत्रू मीठ. मिठातील क्लोराइड त्या पातळ थराला भोक पाडते व बारीक खड्डे पडतात. म्हणून लोणचे, खारवलेले मासे, कोकमाचे आगळ स्टीलमध्ये साठवू नये. पाण्याला उकळी आल्यावर मीठ घालावे, म्हणजे ते तळाशी साचत नाही. ब्लीचिंग पावडरचे पाणीही स्टीलच्या भांड्यात तासन् तास ठेवू नये. घासताना लोखंडी काथ्या वापरू नये. तिचे कण भांड्यात रुतून तेच गंजतात. नारळाची शेंडी उत्तम.

स्टीलमधून उष्णता सावकाश पसरते, म्हणून दूध तळाशी लागते. जाड बुडाचे किंवा तांब्याच्या बुडाचे पातेले यासाठीच घ्यावे. आणखी एक गोष्ट: ज्यांना खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटते, त्यांना निकेल सोसत नसण्याचा संभव असतो. आंबट पदार्थ नव्या स्टीलमध्ये बराच वेळ शिजविल्यास थोडे निकेल अन्नात उतरते. अशांनी टोमॅटो-चिंचेचे पदार्थ मातीच्या किंवा चांगल्या इनॅमलच्या भांड्यात करावेत.

२. चिनी माती

माती भाजण्याचे अंश वेगळे तसे भांड्याचे गुण वेगळे. आपले मडके साधारण हजार अंशांच्या आत भाजले जाते. ते सच्छिद्र राहते, म्हणून पाणी गार होते आणि दही घट्ट लागते. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे. बरणीची माती मात्र १२०० अंशांच्या आसपास भाजतात व वर काचेसारखी झिलई चढवितात. ती पाणी शोषत नाही. मीठ, तेल, आंबट यांपैकी काहीही तिला खात नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी लोणच्यासाठी बरणीच का निवडली, हे यावरून कळेल. गोव्यात माडाचे व्हिनेगर साठविण्यासही बरणी किंवा काच हीच योग्य.

पण येथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्यावा. कमी उष्णतेवर वितळावी म्हणून काही झिलयांत शिसे घालतात. भडक लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांत कॅडमियम असू शकते. झिलई नीट भाजली गेली नसेल तर लिंबू, व्हिनेगर, ताक अशा आंबट पदार्थांत हे विष उतरते. त्याला वास नाही, चव नाही. शिशाची सुरक्षित अशी मात्रा लहान मुलांसाठी ठरविता आलेली नाही. थोड्या शिशानेही मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाध येतो. गरोदर स्त्रीच्या पोटातील बाळालाही ते पोहोचते. प्रयोगशाळेत अशा भांड्यांत ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवून तपासणी करतात. घरी ती करता येत नाही. म्हणून साधा नियम पाळावा: ज्याच्या आतल्या बाजूला रंगीत चित्रे आहेत, किंवा ज्याची झिलई तडकलेली वा खडूसारखी भुकटी सोडणारी आहे, ते भांडे शोभेला ठेवावे, खाण्यापिण्याला नको.

आजकाल ‘सिरॅमिक’ म्हणून जे तवे मिळतात ते बहुधा ॲल्युमिनियमचे असतात आणि वर पातळ लेप असतो. त्यांना बरणीचे गुण नाहीत. लाकडी उलथणे वापरावे व लेप झिजला की तवा बदलावा.

३. इनॅमल

इनॅमल म्हणजे पत्र्यावर वितळवून बसविलेली काच. लोखंडी पत्र्यावर काचेची भुकटी लावून सुमारे ८०० अंशांवर भाजतात. म्हणजे ताकद लोखंडाची आणि अंग काचेचे. जोवर अंग अखंड आहे तोवर आंबट-खारट काहीही चालते, वास धरत नाही, आणि वजनाला हलके. पण लोखंड व काच तापल्यावर सारखी फुगत नाहीत. रिकामे भांडे चुलीवर तापविले, किंवा तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतले, की तडे जातात. आपटले की टवके उडतात. मग उघड्या लोखंडाला गंज चढतो आणि काचेचे कण अन्नात जाण्याची भीती असते. आतून टवका उडालेले भांडे स्वयंपाकातून काढावे. बाहेरून उडालेला असल्यास कोरडे पुसून वापरता येते.

स्वस्त इनॅमलचा धडा जुना आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे १९२८ साली इनॅमलच्या बादल्यांत रात्रभर ठेवलेले लिंबाचे सरबत पिऊन सुमारे ७० माणसे आजारी पडली. पांढऱ्या मुलाम्यातील अँटिमनी आंबटामुळे सरबतात उतरले होते. म्हणून जुन्या, अनोळखी इनॅमलमध्ये आंबट पदार्थ मुरत ठेवू नये.

४. गोठा, शेत आणि छंद

दुधासाठी सांधे गुळगुळीत असलेले स्टीलचे भांडे सर्वांत बरे. धार काढल्यावर भांडे आधी गार किंवा कोमट पाण्याने विसळावे. एकदम कढत पाणी ओतल्यास दुधाची साय-साका चिकटून बसते. मग धुण्याच्या सोड्याने घासावे, शेवटी कढत पाणी फिरवून पालथे घालावे.

सुपारी-द्राक्षांवरील बोर्डो मिश्रण लोखंडी किंवा टवके उडालेल्या इनॅमलच्या भांड्यात करू नये. मोरचुदातील तांबे उघड्या लोखंडावर बसते व औषध कमजोर होते. माती, लाकूड किंवा प्लॅस्टिक वापरावे. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी लागते. तयार मिश्रणात लोखंडी पाते बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे असे समजावे.

घरी साबण करणाऱ्यांनी कॉस्टिक सोडा स्टीलमध्येच घ्यावा. ॲल्युमिनियममध्ये घेतल्यास ज्वालाग्राही वायू निघतो. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये. मेणबत्त्यांसाठी मेण वितळविताना मेणाचे भांडे गरम पाण्यात ठेवावे, थेट आचेवर नव्हे. येथे जुने इनॅमलचे भांडे छान उपयोगी पडते. डाळिंबाच्या सालीने किंवा हिरड्याने कापड रंगविताना मात्र भांडे अखंड हवे, नाहीतर लोखंड लागून रंग काळवंडतो.

साबण, रंग, फवारणी यांसाठी वापरलेले भांडे पुन्हा कधीही स्वयंपाकघरात आणू नये. त्यावर तेलरंगाने लाल पट्टी ओढून ते गोठ्यात वेगळे ठेवावे.

थोडक्यात
• दूध, भात, रोजचा स्वयंपाक: स्टील.
• लोणचे, आगळ, व्हिनेगर: बरणी किंवा काच.
• दही, पिण्याचे पाणी: मडके.
• आंबट पदार्थ शिजविणे: मातीचे किंवा अखंड, खात्रीचे इनॅमल.
• मुलांचा पेला: स्टील किंवा साधी काच.

काना गावच्या लग्नात पाण्यासाठी दगडी रांजण होते, आणि संत पौलाने मातीच्या भांड्यात जपलेल्या धनाचा दाखला दिला. आपल्या घरातले धन म्हणजे आपली मुले. त्यांच्या पुढ्यात येणारे भांडे भारी नसले तरी चालेल, निर्धोक असावे.

महिला मंडळाच्या बैठकीसाठी प्रश्न
१. आपल्या घरात आतून टवका उडालेली किंवा रंगीत चित्रे असलेली किती भांडी रोज वापरात आहेत?
२. लोणचे व आगळ सध्या कशात ठेवले आहे?
३. फवारणीचे भांडे घरातल्या सर्वांना ओळखता येते का?