व्यसनमुक्ती समुपदेशक : उपदेशापलीकडचे शिक्षण

दारूने उद्ध्वस्त केलेली घरे आपल्यापैकी बहुतेकांनी जवळून पाहिली आहेत. अशाच एखाद्या घरातील मुलगी व्यसनमुक्ती समुपदेशक होण्याचा विचार बोलून दाखवते, तेव्हा पालक विचारतात, ‘दारू सोड, एवढे सांगायला पदवी कशाला हवी?’ या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमातच आहे.

बारावीनंतर समाजकार्य अथवा मानसशास्त्राची पदवी आणि पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, हा या क्षेत्राचा रूढ मार्ग होय. तेथील पहिला धडा आजार ओळखण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात व्यसनाधीनतेची सहा लक्षणे सांगितली आहेत : अनावर ओढ, सेवनावरील ताबा सुटणे, थांबवल्यास शारीरिक त्रास, मात्रा वाढत जाणे, इतर गोष्टींतील रस संपणे आणि हानी दिसूनही सेवन चालू राहणे. वर्षभरात यांपैकी तीन वा अधिक लक्षणे एकत्र आढळली, तर तो आजार मानला जातो. केवळ दुर्गुण नव्हे.

दुसरा धडा स्वतःच्या मर्यादेचा. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून त्याला घरात कोंडणे हा उपाय नव्हे. अशा वेळी आधी डॉक्टर, मग समुपदेशन, हा क्रम विद्यार्थ्याने कधीही विसरू नये.

तिसरा धडा संवादाचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेल्या पद्धतीत समुपदेशक वाद घालत नाही. दारूने काय दिले आणि काय हिरावले, हे तो रुग्णालाच बोलू देतो. बदलाचे कारण रुग्णाच्या स्वतःच्या तोंडून आले, तर ते अधिक टिकते.

पुस्तकी ज्ञानाला प्रत्यक्ष कामाची जोड हवी. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही इतरांना सावरण्याचे काम करीत आली आहेत.

पाचवे शील आपण लहानपणीच ग्रहण केले. पण ज्याचा पाय घसरला, त्याला शीलाची आठवण देऊन लाजवल्याने तो आणखी दूर जातो. त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे, हेच या शिक्षणाचे सार. ज्या घराला आजच मदतीची गरज आहे, त्यांनी केंद्र शासनाच्या १४४४६ या व्यसनमुक्ती मदतक्रमांकावर अवश्य संपर्क साधावा.