आधी त्याला पुढे ओढ

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझे पाय आखूड आहेत, माझ्याच्यानं जिउ-जित्सूतलं ते सिझर स्वीप व्हायचं नाही," आणि मला हसूच फुटलं. चार वर्षांपूर्वी मीही असंच रडगाणं गायचे, फक्त पायांऐवजी वजनाच्या नावानं. मी 52 किलोची, जोडीदार 80 चा. दोन्ही पाय जीव खाऊन झटकले तरी तो आपला देवळापुढच्या नंदीसारखा बसलेला. वर विचारायचा, "झालं?"

पायांचं नंतर बघू. आधी जरा खासगीतलं बोलते, कारण हे तुला क्लासमध्ये कुणी सांगणार नाही. हा डाव क्लोज्ड गार्डमधून सुरू होतो, म्हणजे उताणं पडून समोरच्याच्या कमरेला पायांची कडी घालायची. आपण पडलो 'पाय जवळ घेऊन नीट बस' ऐकत वाढलेल्या मुली. पहिले दोन महिने मी गार्ड असा धरायचे, की जणू गर्दीच्या बसमध्ये कुणाला चुकून धक्का लागलाय. कडी सैल, मान वळवलेली, सगळं अंग चोरलेलं. आणि अंग चोरलं की मधे जागा राहते, जागा राहिली की तो ताठ बसतो, आणि ताठ बसलेला माणूस काही केल्या पडत नाही. तुझंही तेच होतंय का, ते तुझं तू बघ. अवघड वाटत असेल तर काही दिवस मुलींबरोबरच ड्रिल कर, कोचला तसं सरळ सांग. आणि एखाद्याबरोबर रोल (सरावाची झुंज) करणं नकोसंच वाटलं तर 'नको' म्हण. कारण द्यायची गरज नसते.

दुसरी गाठ आपल्या मनातली. पाठीला माती लागली की खेळ संपला, हे आपण कुस्ती न खेळताही शिकलेलो असतो. म्हणून गार्डमध्ये पाठ टेकली की तू हरल्यासारखी सपाट पडून राहतेस. या खेळात तिथूनच तर डाव सुरू होतो. 1994 च्या डिसेंबरमधली रॉयस ग्रेसी आणि डॅन सेव्हर्नची लढत शोधून बघ. सेव्हर्न कसलेला कुस्तीगीर, वजनानं कितीतरी जास्त. पंधरा मिनिटांच्या आसपास तो वर आणि रॉयस खाली पाठीवर. शेवटी रॉयसनं खालूनच पायांचा त्रिकोण आवळला आणि टॅप करून हार मानली ती सेव्हर्ननं.

आता डावाकडे, म्हणजे खालून पायांची कात्री चालवून वरच्याला उलटवण्याकडे. उजवा हात त्याच्या उजव्या कॉलरमध्ये खोल घाल, अंगठा बाहेर ठेवून कापड मुठीत घट्ट. डाव्या हातानं त्याच्याच उजव्या हाताची बाही पकड. बाहीच्या तोंडात बोटं घालू नकोस, स्पर्धेत ते चालत नाही. बाहेरून कापडाची मूठ धर. मग कडी सोड, डावं पाऊल मॅटवर रोव, कंबर उजवीकडे सरकव आणि डाव्या कुशीवर ये. उजवी नडगी त्याच्या पोटावर आडवी, पाऊल त्याच्या कमरेशी, गुडघा छातीकडे. डावा पाय मॅटला चिकटून, त्याच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरून. हा पाय हवेत राहिला तर त्याची मांडी अडकत नाही, नुसती घासते.

इथवर तुला येतंच, ठाऊक आहे मला. घोडं पेंड खातं ते याच्या पुढे. तू लगेच कात्री चालवतेस. त्या वेळी तो कुठे असतो? टाचांवर बसलेला, वज्रासनात जेवण पचवत. त्याचा सगळा भार मागे. अशा माणसाला खालून पाय मारणं म्हणजे भरलेल्या रांजणाला लाथ मारणं. दुखतं ते आपल्यालाच.

आधी त्याला पुढे ओढ. नुसत्या दंडांनी नको, त्यानं हात भरून येतात आणि तो हलत नाही. दोन्ही पकडी छातीशी आण, कोपरं बरगड्यांना लाव आणि सगळ्या पाठीनं ओढ, विहिरीतून पोहरा वर घेतात तसं. त्याची छाती तुझ्या नडगीवर आली, त्याचं डोकं तुझ्या डोक्याच्या रेषेत आलं, की त्याचे गुडघे हलके होतात. ते तुला कळेलच. क्षणभर सगळं ओझं तुझ्या नडगीवर येतं आणि वाटतं, मेले आता. नेमकी हीच वेळ. उजवा पाय त्याला डावीकडे ढकलतो, डावा त्याचा गुडघा खालून खेचून घेतो, दोन्ही एकदम. बाही मात्र शेवटपर्यंत सोडायची नाही. सोडलीस तर तो हात टेकवून सावरणार. मी सहा महिने बाही सोडत होते आणि खापर फोडत होते वजनावर, जसं तू पायांवर!

पडला की त्याच्याबरोबर गडगडत वर जा, थेट माउंटवर (त्याच्या छातीवर स्वार होऊन) बस. पडलेल्याकडे बघत कौतुकानं थांबू नकोस. स्पर्धेत स्वीपचे 2 गुण आणि माउंटचे 4, पण न थांबता सलग वर गेलीस तरी शेवटी माउंटवर तीन सेकंद टिकावं लागतं.

तो हुशार निघाला तर उजवा गुडघा बाहेर रोवून बसेल. बसू दे. डावं पाऊल त्याच्या त्याच गुडघ्यावर ठेव आणि गुडघा मागे ढकल. पकडी त्याच, पडण्याची बाजू तीच. आणि तू ओढत असताना तो जिवाच्या आकांतानं मागेच रेलत राहिला, तर ओढाताण सोडून दे, उठून बस आणि कमरेनं धडक देऊन त्याला तो जातोय तिकडेच पाठव. त्याला हिप बंप म्हणतात. तो डाव एका बैठकीत सांगण्यासारखा नाही, दिवाळीला आलीस की दाखवते.

आणि बाई गं, लगेच स्पॅरिंगमध्ये तगड्या मुलांवर करून बघायची घाई नको. आठवडाभर जोडीदाराला फक्त पुढे ओढ, पाडू नकोस. तो नडगीवर आला की परत बसव, पुन्हा ओढ. दहा-दहा वेळा दोन्ही बाजूंनी. कंटाळा येईल. बोटांची सालटी निघतील, टेप लाव. डावी बाजू माझी अजूनही बोंबलतेच, तेव्हा मला काही विचारू नकोस.

सोमवारी क्लास झाल्यावर फोन कर. आणि जाताना नखं कापून जा, गेल्या वेळी माझ्या मानेवर ओरखडा उठवला होतास.