‘वर’ म्हणजे नेहमी ‘ऑन’ नव्हे : जागा सांगणारे इंग्रजी शब्द कसे शिकवावेत?



चौथीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. चित्रात झाडाच्या फांदीवर माकड बसलेले होते आणि ते कुठे आहे असा प्रश्न होता. एका मुलीने लिहिले, ‘द मंकी इज इन द ट्री.’ मी लाल पेनाने ‘इन’ खोडून ‘ऑन’ केले आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन माझ्याजवळ आली. "मॅडम, मोबाइलच्या गोष्टीत तं ‘इन द ट्री’च म्हनते." तेव्हा मी ‘बघू’ म्हटले. घरी जाऊन शब्दकोश उघडला तर मुलगी बरोबर होती!

गुण मी वर्गासमोर परत दिला. पण माझी चूक आली कुठून? ती माझ्याच वर्गाच्या भिंतीवर होती. तिथे मी तक्ता लावला होता : वर म्हणजे ऑन, खाली म्हणजे अंडर, मध्ये म्हणजे इन, समोर म्हणजे इन फ्रंट ऑफ. मी स्वतः असेच शिकले आणि तसेच शिकवत होते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, पण हा तक्ता काही आपल्या डोक्यातून जात नाही. मराठीतल्या एका शब्दासाठी इंग्रजीत तीन-चार शब्द असतात. कोणता निवडायचा, हे डोळ्यांसमोरचे चित्र ठरवते.

१) वर

वस्तू पृष्ठभागाला टेकलेली असेल तर ‘ऑन’. टेबलावर पुस्तक, भिंतीवर पाल, दोन्हीकडे ‘ऑन’च. न टेकता वर असेल तर ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’. डोक्यावर पंखा आहे, तो ‘ऑन माय हेड’ म्हटला तर पंखा डोक्यावर ठेवल्यासारखे होईल! नदीवरचा पूल ‘ओव्हर द रिव्हर’. गंमत म्हणजे गाव नदीकाठी असेल तर मात्र ‘ऑन द रिव्हर’ म्हणतात. आपले कळंब चक्रावती नदीच्या काठी आहे, म्हणून ‘कळंब इज ऑन द चक्रावती’.

आता माकड. फांद्या-पानांनी ते वेढलेले असते, म्हणून ‘इन द ट्री’. आंबा झाडालाच लागलेला असतो, म्हणून ‘ऑन द ट्री’. बसस्टँडवर आई उभी आहे, तिथे ‘ॲट द बस स्टँड’, कारण आपण फक्त ठिकाण सांगतो.

२) खाली

यासाठी कळंबच्या मुलांना चिंतामणीच्या मंदिराइतके चांगले उदाहरण नाही. गणपतीच्या दर्शनाला आपण पायऱ्या उतरून खाली जातो. वर्गात विचारले, तर निम्म्या मुलांनी सांगितले, ‘द टेम्पल इज अंडर द रोड.’ म्हणजे मंदिर रस्त्याच्या बरोबर खाली आणि गाड्या त्यावरून जातात! ‘अंडर’ म्हणजे थेट खाली, बहुतेक वेळा झाकलेले : खाटेखाली मांजर, झाडाखाली गाय. नुसती पातळी खालची असेल तर ‘बिलो’. म्हणून गाभारा ‘बिलो द लेव्हल ऑफ द रोड’. हे मुलांना लगेच समजले, कारण त्या पायऱ्या प्रत्येकाने उतरलेल्या आहेत.

३) मध्ये किंवा ‘त’

डब्यात पोळी, ‘इन द बॉक्स’. दोन गोष्टींच्या मधोमध असेल तर ‘बिटवीन’ : ‘कळंब इज बिटवीन यवतमाळ अँड वर्धा.’ पुष्कळ सारख्या गोष्टींच्या घोळक्यात असेल तर ‘अमंग’ : पऱ्हाटीच्या झाडांमध्ये साप, ‘अमंग द कॉटन प्लांट्स’.

आपण कळंबला राहतो, तेव्हा ‘इन कळंब’. पण नागपूरची बस कळंबला थांबते, तेव्हा ‘ॲट कळंब’. बससाठी कळंब हा मार्गावरचा एक थांबा आहे.

वाहनांची खूण सोपी आहे. ज्यात उभे राहून चालता येते तिथे ‘ऑन’ : ऑन द बस, ऑन द ट्रेन. २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला, तेव्हापासून मुलांना हे उदाहरण आवडते. ऑटोत किंवा कारमध्ये बसूनच राहावे लागते, तिथे ‘इन’.

४) समोर आणि मागे

शाळेच्या फाटकापुढे ऑटो उभा आहे, तो ‘इन फ्रंट ऑफ द स्कूल’. रस्त्याच्या पलीकडे शाळेकडे तोंड करून असलेले किराणा दुकान मात्र ‘अपोझिट द स्कूल’. मागे म्हणजे ‘बिहाइंड’. आपल्याकडे ‘बॅकसाइड ऑफ द हाउस’ सर्रास म्हणतात, ते टाळावे. इंग्रजीत ‘बॅकसाइड’ म्हणजे माणसाची बसायची जागा!

वर्गात काय करता येईल?

मी तो तक्ता काढून टाकला. आता एक डबा आणि एक खडा घेते. खडा डब्यावर, डब्यात, डब्यामागे ठेवत जाते. मुले आधी मराठीत तीन प्रश्नांची उत्तरे देतात : टेकलेला आहे का? आत किंवा वेढलेला आहे का? की फक्त ठिकाण सांगायचे आहे? इंग्रजी शब्द त्यानंतर. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना ‘वर’ शेवटी येतो, इंग्रजीत तो आधी येतो, हेही त्याच वेळी दाखवावे.

दुसरा उपक्रम : दुकानांच्या पाट्या आणि लग्नपत्रिकांवरचे पत्ते गोळा करणे. त्यात ‘नियर’, ‘बिहाइंड’, ‘अपोझिट’ भरपूर सापडतात. मग प्रत्येकाने पाहुण्याला आपल्या घराचा रस्ता तीन वाक्यांत सांगायचा.

पालकांनो, घरी "वरला इंग्रजीत काय म्हणतात?" असे विचारू नका. "माठ कुठे आहे, सांग बरं" असे विचारा.

आणि शिक्षक मित्रांनो, माझ्यासारखा अर्धा गुण कापण्याआधी एकदा शब्दकोश बघा. ती मुलगी माझ्याकडे आली म्हणून मला कळले. न विचारता गप्प बसणारी मुले वर्गात जास्त असतात, आणि ती आपली चूकच बरोबर समजून पाठ करतात.