नऊ तुकड्यांचा चौक

आपल्याकडील गोधडी शिवणारी बाई प्रथम जुन्या लुगड्यांचे थर अंथरते, त्यांवर तुकडे मांडते आणि मग कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत सगळे थर एकदम शिवते. अमेरिकेंत रुळलेली एक रीत याहून निराळी आहे. तेथें तुकडे आधीं एकमेकांस जोडून लहान लहान चौक करतात, चौकांचा वरचा पदर होतो आणि खालचे थर मागाहून येतात. या रीतींतला नऊ तुकड्यांचा चौक शिकणाऱ्यानें प्रथम हातीं घ्यावा. पांच तुकडे गडद, चार फिकट. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एकाआड एक.

कापड निवडतांना पुष्कळ मुलें रंगावरच भाळतात. आमच्या मतें आधीं तें उजेडासमोर धरावें. वीण विरळ दिसली तर तो भाग सोडावा. नऊवारी लुगड्याचा बसण्यांत येणारा भाग लवकर झिजतो; पदराकडे बहुधा अधिक जीव असतो. दोन्ही अंगठ्यांनीं ताणून पाहावें; 'चर्र' असा आवाज आला तर तें कापड पायपुसण्यास बरें. सुताशीं सूतच जोडावें, रेशीम नव्हे. नवें कापड भिजवून वाळवून घ्यावें, कारण तें पाण्यांत आटतें. जुनें पूर्वींच आटलेलें असतें. दोन्ही तशींच शिवलीं तर पहिल्याच धुण्यांत चौक आक्रसतो. लाल व गडद निळें कापड ओलें करून पांढऱ्या फडक्यावर दाबावें. डाग उठला, तर शेजारच्या मांजरपाटाची दशा काय होईल तें सांगणें नको.

गडद आणि फिकट हे शब्द शेजारावर अवलंबून असतात. तोच हिरवा पांढऱ्याजवळ गडद आणि काळ्याजवळ फिकट. डोळे अर्धवट मिटून पाहिलें कीं रंग मावळतो व छायेचा भेद तेवढा उरतो.

आतां माप. तयार तुकडा ३ इंचांचा हवा आणि शिवणींत चोहों बाजूंनीं दोन दोन सूत जातें. म्हणून ३ इंच ४ सूत कापावें. (८ सूत म्हणजे १ इंच, हें सुताराच्या मुलास सांगावें लागणार नाहीं.) किनार कापून टाकावी आणि चौकोनाच्या बाजू उभ्याआडव्या धाग्यांना धरून असाव्या, तिरपा कापलेला तुकडा हातांत लांबतो. ३६ इंच पन्ह्याच्या एका पट्टींतून दहा तुकडे निघतात. पांच आडवे व सहा उभे असे तीस चौक करावयाचे तर गडद १५० व फिकट १२० तुकडे लागतील. म्हणजे गडद कापड दीड वार आणि फिकट सव्वा वार पुरे.

तीन तीन तुकड्यांच्या ओळी आधीं जोडाव्या. टांके बारीक, इंचास आठ ते दहा, आणि आरंभीं व शेवटीं एक उलट टांका. शिवणीची शिल्लक नेहमीं गडद तुकड्याकडे दाबावी. असें केलें म्हणजे पहिल्या ओळींतील शिवण बाहेर वळते व दुसरींतील आंत; दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या कीं शिवणी एकमेकींस अडतात आणि कोपरे आपोआप जुळतात. इस्त्री घासूं नये, दाबून उचलावी.

अर्ध्या सुताची चूक क्षुल्लक वाटते. पण प्रत्येक शिवणींत दोन्ही तुकड्यांचें अर्धें अर्धें सूत अधिक गेलें, तर शिवणीमागें एक सूत घटतें. सहा चौकांच्या ओळींत सतरा शिवणी. ओळ २ इंच १ सूत तोकडी. शेजारची ओळ दुसऱ्या मुलीनें शिवलेली असेल तर ती जुळावी कशी?

अलाबामांतील जीज बेंड या खेड्यांतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्यांतील कित्येक जुन्या कामकरी कपड्यांच्या असून काटेकोर मापाच्या नाहींत. तरी त्या फार सुंदर आहेत. मग माप कशाला, असें कोणी विचारील. पण तेथें अनेकदां एकच बाई नजरेनें सगळी गोधडी रचते. आमचे तीस चौक तीस हातांचे.

पालकांस एक विनंति आहे. आजीचें लुगडें पहिल्याच दिवशीं मुलांच्या हातीं देऊं नये. तें एकदां कापलें कीं दुसरें मिळावयाचें नाहीं. पहिला चौक मांजरपाटाचा व चिंध्यांचा होऊं द्यावा. तो ९ इंच ४ सूत भरला पाहिजे. कमी भरला तर शिवण उसवून पुन्हा घालावी, आणि दोन चौक लागोपाठ बरोबर उतरल्यावरच लुगड्यास कात्री लावावी.