तीन शुभवर्तमाने, एक कथा

प्रश्न : याइराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडित बाई यांची कथा मार्क, मत्तय, लूक या तिघांतही आहे. मग या तीन स्वतंत्र साक्षी मानायच्या का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तिन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा. बाप मुलीसाठी येशूला घेऊन निघतो, वाटेत ती बाई येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते, मग मुलीचं घर येतं. कथेच्या पोटात कथा, ही वीण तिघांतही तीच आहे. तिघांना ती वेगवेगळी सुचणं कठीण. म्हणूनच मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्कचा मजकूर होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

फरकही बोलके आहेत. मार्क 23 वचनं घेतो, मत्तय 9 मध्येच आटोपतो. मत्तयच्या कथेत बाप येतो तेव्हाच मुलगी गेलेली असते. वैद्यांपायी पैसा गेला, दुखणं मात्र वाढलं, हा मार्कचा बोचरा तपशील लूक सौम्य करतो.

एकाच आठवणीची अशी वेगवेगळी रूपं कशी होतात, हे समजायला आपल्याकडे लीळाचरित्र पाहा. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी अनेकांकडून गोळा केल्या. पुढे त्याच लीळेचे निरनिराळे पाठ झाले. नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी 1978 मध्ये त्याची संपादित आवृत्ती दिली, तीही हस्तलिखितं ताडून पाहूनच.

तेव्हा इथे साक्षी मोजू नका. कोणी काय जपलं, काय गाळलं ते पाहा. श्रद्धा त्याने उणावत नाही, वाचन मात्र खोल होतं.