परिचारिकेची निर्णयबुद्धी : पाहणे, समजणे आणि वेळेवर सांगणे

रुग्णसेवेत दयाभाव हवा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे. परंतु केवळ दयेने रुग्ण वाचत नाही. समोर दिसणाऱ्या लक्षणाचा अर्थ लावता आला पाहिजे, तो पडताळून पाहता आला पाहिजे आणि योग्य वेळी योग्य व्यक्तीला सांगता आला पाहिजे. या शक्तीला आपण निर्णयबुद्धी म्हणू. आपल्या समाजातील अनेक मुली व मुले आज परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्यासाठी हा विषय आपल्याच जिल्ह्यातील उदाहरणांवरून येथे मांडला आहे.

महाडचा धडा

चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहामुळे महाड आपल्याला वंदनीय आहे. त्याच महाड तालुक्याने वैद्यकशास्त्रालाही एक मोठा धडा दिला. कोकणात लाल विंचवाचा दंश पूर्वी जीवघेणा ठरत असे. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करीत होते. विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवीत. पुढील धोक्याची सूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. १९८६ मध्ये त्यांनी त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण तीन टक्क्यांच्या आत आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कार्याचा पाया रुग्णाच्या खाटेजवळच्या निरीक्षणात होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. आणि खाटेजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असते? परिचारिका.

शांत झालेला रुग्ण

समजा, आठ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी सात वाजता लाकूडफाटा काढताना विंचू चावला. आठ वाजता तो दवाखान्यात आला तेव्हा वेदनेने ओरडत होता. नऊ वाजता तो गप्प पडून आहे. आई म्हणते, "सिस्टर, पोर आता निवांत झालंय, झोपू द्या त्याला."

एक परिचारिका नोंदवहीत लिहील, 'वेदना कमी, रुग्ण शांत'. नोंद खोटी नाही; पण ती अपुरी आहे. दुसरी परिचारिका मुलाच्या पायाला हात लावून पाहील. पाय थंडगार आहेत, सदरा घामाने चिंब आहे, दोन उलट्या झाल्या आहेत, लाळ गळते आहे. नाडी तासाभरात ११० वरून १४० वर गेली आहे. तिला कळेल की हा आराम नव्हे, ही धोक्याची सुरुवात आहे.

असे का होते? लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतू अतिउत्तेजित होतात व ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात येतात. रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय थंड पडतात. रक्तदाब वाढतो, हृदयावर भार येतो आणि पुढे फुफ्फुसात पाणी साचून खोकला, धाप व गुलाबी फेस दिसू लागतो. पुरुष रुग्णांत लिंगाची ताठरता हेही सुरुवातीचे लक्षण आहे. संकोचामुळे ते तपासायचे राहू नये. उलट, ज्याला दंशाच्या जागी तीव्र वेदना आहे पण ही इतर लक्षणे नाहीत, तो बहुधा कमी धोक्यात असतो. म्हणजे अधिक ओरडणारा रुग्ण अधिक गंभीर, हा आपला नेहमीचा ठोकताळा येथे चुकतो.

अशा वेळी डॉक्टरांना "पेशंट बरा वाटत नाही" एवढेच सांगून भागत नाही. सांगावे ते असे : "डॉक्टर, विंचू चावून दोन तास झालेला आठ वर्षांचा मुलगा आहे. वेदना कमी झाली, पण अंगभर घाम आहे, दोन उलट्या झाल्या, हातपाय थंड आहेत, नाडी ११० वरून १४० झाली. हृदयावर परिणाम सुरू झाला असावा अशी शंका आहे. आपण लगेच यावे."

औषध व मात्रा डॉक्टर ठरवतात. पण गोळी दिल्यावर उलटी झाली का, हे परिचारिकाच पाहते व तत्काळ कळवते. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून मुलाला आडवे ठेवावे, उचलून उभे धरू नये, हे नातेवाइकांना तीच समजावते. हातपाय गरम व कोरडे झाले की उपचार लागू पडत आहे, हेही तिचाच हात सांगतो. २०११ साली बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरील अभ्यासात दाखवले की प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो.

चाचणी काय सांगते, काय सांगत नाही

दुसरे उदाहरण मण्यारीचे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. वेदना जवळजवळ नसते, दाताची खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे तो पोटदुखी व उलटीची तक्रार घेऊन येतो. शिळे अन्न खाल्ले असेल, असे म्हणून सोडून देणे सोपे असते.

सर्पदंशाच्या संशयात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा संशय बळावतो. पण मण्यारीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जात नाही. म्हणून नळीतले रक्त गोठले, यावरून विषबाधाच नाही असे ठरत नाही. अशा रुग्णाच्या पापण्या जड होतात का, मान उचलता येते का, एका श्वासात तो किती अंक मोजतो, हे पुन्हा पुन्हा पाहावे. पहिल्या वेळी वीसपर्यंत मोजणारा रुग्ण तासाने दहावर थांबला, तर यंत्रावरील ऑक्सिजनचा आकडा चांगला असला तरी श्वास थकत चालला आहे असे समजावे.

विचाराची शिस्त

अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका ख्रिस्तीन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयाचे चार टप्पे मांडले : लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि नंतर त्यावर चिंतन करणे. रोजच्या कामात त्यासाठी पुढील सवयी लावून घ्याव्यात.

१. प्रत्यक्ष पाहिलेले आणि अंदाजाने मानलेले वेगळे लिहावे. 'हातपाय थंड' हे निरीक्षण, 'शांत' हा अंदाज.

२. एका आकड्यावर विसंबू नये. मागच्या नोंदीशी तुलना करावी.

३. जे चित्रात बसत नाही, त्याच्याकडे आधी पाहावे.

४. 'याशिवाय आणखी काय असू शकेल?' हा प्रश्न स्वतःला विचारावा.

५. शंका कारणासह सांगावी. कोणी दखल घेतली नाही तर पुन्हा सांगावी, वरिष्ठांना सांगावी आणि वेळेसह नोंद करावी.

६. पाळी संपल्यावर आपण काय ताडले व प्रत्यक्षात काय झाले, हे ताडून पाहावे.

पाचवी सवय सर्वांत कठीण आहे. नव्या मुलीला वाटते, मी लहान, मी कसे बोलू? पण रात्री दोन वाजता थंड पडलेला पाय फक्त तिच्याच हाताला कळलेला असतो. ती गप्प राहिली तर ते ज्ञान कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

विनयपिटकातील महावग्गात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्राची किळस न करणे, रुग्णाला धीर देणे आणि औषध तयार करता येणे हे त्यांत आहेतच. पण रुग्णाला हितकर काय व अहितकर काय हे ओळखता येणे हाही त्यांतील एक गुण आहे. करुणेबरोबर जाण हवी, हे इतक्या प्राचीन काळी सांगितले गेले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पाली-सुधागडच्या वाड्यावस्त्यांतून येणाऱ्या रुग्णाला मोठे इस्पितळ दूर असते. त्याच्या वाट्याला पहिला येतो तो तुमचा हात आणि तुमची नजर. पुस्तक वाचा, यंत्र वापरा, आज्ञा पाळा. पण त्याबरोबर विचार करा आणि जे दिसले ते निर्भयपणे सांगा.