श्वान आणि स्थावर विष : कुंडीतील वनस्पती व शोधनमाध्यमांची विल्हेवाट

अगदतंत्राच्या अध्ययनात श्वानाची गाठ आपल्याला अलर्कविषाच्या प्रकरणात पडते. म्हणजे विषाचा दाता म्हणून. तोच श्वान विषाचा बळीही ठरू शकतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. नांदेड व लातूर येथील आमच्याकडे येणारे रुग्ण हल्ली स्वतःच्या तक्रारीबरोबरच "कुत्र्याने कुंडीतले पान चावले, काय द्यावे?" असेही विचारू लागले आहेत. त्या निमित्ताने हा विषय वैद्यबंधूंपुढे मांडत आहोत.

अधिष्ठानानुसार विचार

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात स्थावर विषाची मूल, पत्र, फल, पुष्प, त्वक्, क्षीर, सार, निर्यास, धातु व कंद अशी दहा अधिष्ठाने सांगितली आहेत. घराभोवतीच्या वनस्पती याच दृष्टीने पाहाव्यात.

करवीर : देवपूजेसाठी लावलेली लाल-पांढरी कण्हेर व पिवळी कण्हेर या दोन्ही सर्वांगाने विषारी आहेत. कुंडीत शोभेसाठी लावले जाणारे अडेनियम याच कुळातले. यांतील ग्लायकोसाइड द्रव्ये हृदयावर कार्य करतात. लालास्राव, वमन व अतिसार होऊन पुढे हृदयगती मंद वा अनियमित होते.

बीजे : धत्तूर, गुंजा व एरंड. गुंजेचे अखंड बीज पुष्कळदा तसेच बाहेर पडते. चावले गेल्यास मात्र ते घातक. एरंडतेलात विष उतरत नाही, ते पेंडीत राहते. कुंडीत खत म्हणून घातलेली एरंडीची पेंड श्वान आवडीने उकरून खातो, हे आवर्जून सांगावे.

कंद व क्षीर : श्वान माती उकरतो, म्हणून कळलावीचा कंद धोक्याचा. रुई व निवडुंगाचा चीक मुख व नेत्रांस दाह करतो.

काही वनस्पती आपल्या संहितांत नाहीत, पण आज प्रत्येक गॅलरीत आहेत. डिफेनबेकिया व मनीप्लांट यांच्या पानांतील सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जीभ व घशास टोचून दाह व शोथ उत्पन्न करतात. हे सहसा प्राणघातक नसते. सायकस अर्थात सागो पाम मात्र गंभीर. त्याची बीजे सर्वाधिक विषारी असून आरंभीची वांती थांबली तरी दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकते. कोरफडीच्या सालीलगतच्या पिवळ्या रसानेही श्वानास वमन-अतिसार होतो. पर्याय विचारणाऱ्यांना गुलाब व अरेका पाम सुचवावेत.

शोधनमाध्यमांचा धोका

औषधीनिर्मात्यांसाठी याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी आमच्या निर्माणशाळेत कुपीलूचे शोधन चालू होते. गोमूत्रात भिजवून साल व अंकुर काढलेली बीजे दोलायंत्रात गोदुग्धाने स्वेदित केली. उरलेले दूध मदतनिसाने मागील दारी ओतले. त्यास दोष देता येणार नाही. आम्हीच कोणतीही सूचना दिलेली नव्हती. दारापाशी राहणाऱ्या कुत्रीने ते दूध प्यायले. तासाभरात तिचे अंग ताठले. आत भांडे पडले, त्या आवाजासरशी तिला आचके आले. पशुवैद्यक येण्यापूर्वीच ती गेली.

कुपीलूच्या बीजात साधारण १ ते १.५ टक्का स्ट्रिक्निन असते. दीड ग्रॅमच्या एका बीजात ते सुमारे १५ ते २० मिलिग्रॅम भरते. श्वानास प्रतिकिलो पाऊण मिलिग्रॅमच्या आसपासची मात्राही मारक ठरू शकते. म्हणजे दहा किलो वजनाच्या श्वानास अर्ध्या बीजाइतके विष पुरे. शोधनात बीजातून निघालेल्या विषाचा अंश माध्यमात उतरतो, हे आपण जाणतो. पण भांडे रिकामे करताना विसरतो. वत्सनाभ, धत्तूर व गुंजा यांच्या दुधाबाबतही हेच समजावे. २००० साली लागू झालेल्या अनुसूची 'टी'मध्ये टाकाऊ पदार्थांच्या विल्हेवाटीची अपेक्षा आहेच. असे माध्यम झाकणाच्या भांड्यात साठवून कुंपणाच्या आत खोल खड्ड्यात पुरावे व वर दगड ठेवावेत.

प्रथमोपचार व आपली मर्यादा

चरकाचार्यांच्या चोवीस उपक्रमांत वमन आहे, म्हणून श्वानास मिठाचे पाणी पाजणे योग्य नव्हे. मिठाचाच विषार होऊ शकतो. आचके येत असताना तूप वा दूध पाजल्यास ते श्वसनमार्गात जाते. ऑक्झलेटयुक्त पान वा चीक असल्यास मुख स्वच्छ पाण्याने धुवावे. कुपीलूचा संशय असल्यास प्राण्यास अंधाऱ्या, शांत जागी ठेवून विनाविलंब न्यावे. वनस्पतीची डहाळी, खाल्लेले प्रमाण व वेळ पशुवैद्यकास कळवावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ नुसार पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकांचे क्षेत्र आहे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. आपले काम विष ओळखून देण्याचे. ते मात्र आपल्याइतके कोणी करू शकणार नाही.

उपसंहार

त्या दिवसापासून आमच्या शोधननोंदवहीत एक रकाना वाढला आहे : "माध्यमाची विल्हेवाट – कोठे, केव्हा, कोणी". तो भरल्याविना त्या घाणीची नोंद पूर्ण धरली जात नाही. वैद्यबंधूंनी व निर्मात्यांनी आपापल्या नोंदवहीत हा रकाना आजच आखून घ्यावा, अशी नम्र विनंती आहे.